परमुलुखातील रविवार

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाने सुटीच्या दिवशी हिंडावे की हिंडू नये, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या बैठकीत तो आता वारंवार निघू लागला आहे. जसोंडीसारख्या गावांकडची मुलेही बुऱ्हाणपूर, इंदूर, पुणे अशा पायऱ्या चढत थेट जर्मनीपर्यंत जाऊ लागली. रविवारी रात्री घरच्या फोनवर छायाचित्रे येतात. एका रविवारी प्रागचा पूल, तर पुढच्या रविवारी कोलोनचे कॅथेड्रल. आजी कौतुकाने पाहते आणि आजोबा चष्मा पुसत विचारतात, ‘‘पोरगं शिकायला गेलं की फिरायला?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे बँकेचे शैक्षणिक कर्ज असते, तारण ठेवलेले घर किंवा शेत असते आणि मे-जूनच्या एका वावटळीत आडवी होऊ शकणारी केळीची बाग असते. ज्याने पंढरपूर आणि सोयरिकी यांखेरीज स्वतःच्या हौसेने कधी प्रवास केला नाही, त्याच्या घामावर तो रविवार उभा असतो. आम्ही स्वतः शासनाच्या चाकरीत आयुष्य घालविले. तेथे दौरा म्हटला की प्रयोजन, दैनंदिनी आणि प्रवासभत्त्याचे देयक ही तिन्ही एकमेकांना जोडलेली हवीत. प्रयोजनावाचून केलेला प्रवास आमच्या पिढीला स्वभावतःच अनियमित खर्च वाटतो. लेखापरीक्षकाची नजर निवृत्तीनंतरही सुटत नाही म्हणतात, ते काही खोटे नव्हे.

हिशेबापुरते बोलायचे तर आजोबांची धास्ती बरीचशी अनाठायी आहे. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना वर्षाच्या उदरनिर्वाहाची रक्कम आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच हाती येते, म्हणजे उधळपट्टीला मुळातच बांध घातलेला आहे. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याचीही मुभा आहे, आणि पुष्कळ मुले फिरण्याचे पैसे तेथेच कमावतात. मे २०२३ मध्ये ४९ युरोंत सुरू झालेल्या मासिक तिकिटावर (पुढे त्याची किंमत वाढली) देशभरच्या साध्या गाड्यांतून आणि बसमधून महिनाभर हिंडता येते. जलद गाड्या तेवढ्या वर्ज्य. जो मुलगा तीन गाड्या बदलत, पाठपिशवीतल्या पोळ्या खात गाव पाहून येतो, त्याला उधळ्या म्हणवत नाही.

परंतु हिशेब जुळला म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही. पैसा त्याने स्वतः मिळविला, तरी वेळ कोणाचा? दुसऱ्याच्या श्रमाने विकत घेतलेल्या फुरसतीवर आपला हक्क कितपत पोहोचतो, हा खरा नैतिक पेच आहे.

आजोबांच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. तुटपुंज्या रकमेत पोट मारून त्यांनी ग्रंथ जमविले. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत शिरावे आणि बंद होताना बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. ज्याच्या पाठीशी एक संपूर्ण समाज डोळे लावून बसला आहे, त्याला रविवार नसतो.

याच्या शेजारी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना बसवून पाहावे. तेही १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दुसऱ्यांच्याच मदतीवर धर्मशास्त्र शिकत होते. मात्र त्यांनी वर्गाच्या बाहेरचे इंग्लंडही पाहिले. शहरांतील गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळी जे काम करीत, ते त्यांनी जवळून न्याहाळले. १९०३ मध्ये ते उदार धर्माच्या परिषदेसाठी ॲमस्टरडॅमलाही जाऊन आले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली आणि भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम सुरू झाले. या कामाची मुळे धर्मशास्त्राच्या पुस्तकांइतकीच त्या वस्त्यांच्या गल्ल्यांतही शोधावी लागतात, असे आम्हांस वाटते.

येथे ‘पाहा, फिरण्याचाही उपयोग होतो’ असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. प्रत्येक रविवारातून एकेक मंडळी निघालीच पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे पुन्हा प्रवासभत्त्याच्या देयकाकडेच वळणे होय. नदीकाठी नुसते बसून आलेल्या मुलाने काही गुन्हा केलेला नाही.

याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे, आणि तीही बाबासाहेबांच्याच लेखणीतून कळते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात ते सांगतात की युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याच्या स्थानकावर उतरताच प्रश्न पडला तो जायचे कोठे हा. एका पारशी विश्रामगृहात नाव पालटून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून बाहेर काढले. पुढे १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास जाताना ही मंडळी देवगिरीच्या किल्ल्यापाशी थांबली. दारातील हौदाच्या पाण्याने त्यांनी तोंडे धुतली, त्यावरून गलका झाला, आणि शेवटी आत जाऊ दिले ते कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारी शिपाई देऊन. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ज्याला कोणी अडविले नाही, त्याला आपल्याच मुलुखातील किल्ला पाहताना पाणी वर्ज्य झाले. त्या पुस्तकाच्या नावात व्हिसा हा शब्द का आहे, याचा विचार व्हिसाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलांनी एकदा अवश्य करावा.

तेव्हा परमुलुखातील रविवार जर काही देत असेल, तर तो कोणीही नसण्याचा अनुभव देतो. कुळ, आडनाव, गावातील वाड्याची जागा यांपैकी काहीच तेथे चालत नाही. माणूस स्थानकावर उतरतो, नळाचे पाणी पितो, बाकावर बसतो. तेथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि डब्यात सावळ्या चेहऱ्याकडेच कागद आधी मागितले जातात अशी तक्रार ऐकू येते. तोही धडाच आहे. ज्यांच्याकडे गावात कोणी कधी संशयाने पाहिले नाही, अशा घरांतील मुलांना तो निदान एकदा मिळावा हे बरे.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपण लहानपणापासून ऐकतो. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यऋण. ते फिटते माणसांना आसरा आणि अन्न दिल्याने. आजोबांच्या वहीत पितृऋणाचे खाते चोख मांडलेले असते. विद्यापीठाचे ऋण पदवीने फिटते असे मानू या. परंतु अनोळखी गावातील ज्या अनोळखी माणसाने वाट दाखविली, शेवटची गाडी चुकल्यावर जागा दिली, त्याचे देणे कोणत्या खात्यात जमा करायचे? तो माणूस पुन्हा भेटणार नाही. ते देणे आपल्या दारात येणाऱ्या परक्यालाच द्यावे लागते.

आणि परके आपल्या दारात नवे नाहीत. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. राजवाडा आणि काही थोरांची घरे सोडली तर त्याला मातीच्या झोपड्यांखेरीज फारसे काही दिसले नाही. त्याच सुमारास जमिनीच्या पोटातून शहराला पाणी पुरविणारा कुंडी भंडारा आकारास येत होता. घाईच्या पाहुण्याला वरची माती दिसते, पायाखालचे पाणी दिसत नाही. रविवारी दोन शहरे उरकणाऱ्या आमच्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. आपणही येथे काही आकाशातून पडलो नाही. कोणाचे पूर्वज वऱ्हाडातून आले, कोणाचे खानदेशातून. १९५६ च्या प्रांतरचनेत हा भाग मध्यप्रदेशात राहिला आणि आपण भाषेने पाहुणे ठरलो. तापीकाठी पहिल्या रात्री आपल्या पणजोबांना पाणी कोणी दिले, याची नोंद कोणत्याही कुळवृत्तांतात सापडत नाही.

आज परका कोण आहे हे पाहावयास लांब जावे लागत नाही. केळीचे घड उतरवून ट्रक भरणाऱ्या टोळ्या बागेत येतात. मंडळी बहुधा दुसऱ्या गावची, दुसऱ्या बोलीची. त्यांच्यासाठी पाण्याची सोय बहुतेक बागांत असते. पेला कोठे एकच असतो, तर कोठे त्यांच्यासाठी वेगळा टांगलेला असतो. सुटीवर घरी आलेल्या मुलांपैकी कोणाला तो वेगळा पेला दिसतो, आणि दिसल्यावर तो काय करतो, हे आम्ही अलीकडे पाहू लागलो आहोत.