मथळ्याचे डोके

रस्ता दुसऱ्यांदा खणला गेला, पाणीकपात जाहीर झाली किंवा एकेरी वाहतुकीची दिशा रातोरात उलटली, की पुण्यात कुणीतरी हमखास विचारतो, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ विचारणाऱ्याने तो अग्रलेख वाचलेला असतोच असे नाही. बहुधा नसतोच. पण 6 जुलै 1897 च्या ‘केसरी’तला हा मथळा अग्रलेखाला घरी ठेवून सव्वाशे वर्षे एकटाच गावभर हिंडतो आहे. त्याच्याबरोबर एक कथाही हिंडते: टिळकांनी हा मथळा दिला, इंग्रज चवताळले आणि टिळक तुरुंगात गेले.

कथा झकास आहे. अडचण एवढीच, की तसे घडले नाही.

पुण्यातला प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली 22 जूनला; तो मेला 3 जुलैला. मथळा आला त्यानंतर तीन दिवसांनी. 27 जुलैला टिळकांना मुंबईत पकडले खरे, पण राजद्रोहाचा आरोप ठेवला तो 15 जूनच्या अंकातल्या मजकुरावर. शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, एवढाच तो मजकूर. खुनानंतर छापलेल्या मथळ्याने खून घडवला असे सुचवणे सरकारी वकिलालाही जड गेले असते. म्हणून बोट गोळीबाराच्या आठवडाभर आधीच्या अंकावर गेले, असा माझा तर्क. उत्सवाचा वृत्तांत म्हणजे वर्तमानपत्रातला सगळ्यात निरुपद्रवी ऐवज. ज्याचे भाषण छापून आले तो आणि त्याचे घरचे सोडून तो कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. सरकारने वाचला, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्या खटल्यात सरकारविषयीच्या अप्रीतीचा जो अर्थ जूरीला समजावून दिला, तो मला मथळ्याहून अधिक विनोदी वाटतो. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई ज्यांच्या घरात शिरत होते त्या पुण्यात, या व्याख्येनुसार, निर्दोष माणूस औषधालाही सापडला नसता.

मग त्या प्रश्नार्थक मथळ्याचे काय झाले? सरकारदरबारी देशी पत्रांतला मजकूर इंग्रजीत करून देणारे एक भाषांतर खातेच होते. तिथल्या एखाद्या कारकुनापुढे तो अंक पडला असेल असे मी अनेकदा मनाशी रंगवतो. डोके म्हणजे कोणाचे? गव्हर्नरचे, कलेक्टरचे की व्हाइसरॉयचे? ठिकाण म्हणजे पुणे, मुंबई की सिमला? साहेबाने खुलासा मागितला, तर ‘हुजूर, आपले डोके आपल्या ठिकाणी आहे’ एवढे लिहून बिचारा मोकळा झाला असेल. आजचे दिवस असते तर डोक्याचे ठिकाण निश्चित करण्यासाठी समिती नेमली गेली असती आणि तिला दोनदा मुदतवाढ मिळाली असती.

खरी गंमत 1908 ची आहे. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त लेख आले. त्यांपैकी दोन टिळकांना भोवले. 12 मेच्या लेखाचा मथळा ‘देशाचे दुर्दैव’. 9 जूनच्या लेखाचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. पहिला एखाद्या शोकसभेच्या ठरावासारखा आहे आणि दुसरा संधिवाताच्या तेलाच्या जाहिरातीतला वाटतो. यात ना प्रश्नचिन्ह, ना कोणाच्या डोक्याची चौकशी. एवढ्या सोज्वळ मथळ्यांवर सहा वर्षे काळे पाणी! राजद्रोहाच्या कलम 124-अ खालच्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे, म्हणजे एका मथळ्यामागे तीन वर्षे असा दर पडला. वर एक हजार रुपये दंड. न्यायासनावर होते दावर. याच दावरांनी 1897 मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळावा यासाठी युक्तिवाद केला होता. टिळक स्वतःच्या बचावासाठी 21 तास 10 मिनिटे बोलले आणि त्यातला बराच वेळ त्यांनी सरकारी भाषांतर कुठे चुकले हे सांगण्यात घालवला. समोरच्या जूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. मराठी शब्दांच्या छटांवर इतका वेळ बोलायचे आणि ऐकणारे बहुतेक त्या भाषेला परके, हे चित्र कोणत्याही प्रहसनाच्या वरताण आहे. त्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस हरताळ पाळला, आणि मंडालेच्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहून झाले. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या चार शब्दांचा हिशेब कोणाला मांडायचा असेल तर यातले काय जमेला धरायचे आणि काय खर्ची, ते त्याने ठरवावे.

मथळ्याचा परिणाम त्याच्या आवाजावरून मोजण्याची आपली सवयच मुळात चुकीची आहे, असे मला या दोन खटल्यांवरून वाटते. माथा आणि मथळा हे शब्द एकाच घरातले. माथ्यावरची पगडी लक्षात राहते, चालतात पाय. म्हणून सहा वर्षे देणारे मथळे आपण विसरलो, आणि ज्याच्यावर आरोपच झाला नाही त्या मथळ्याला तुरुंगवासाचे श्रेय देऊन बसलो. ओरडणारा मथळा लोकांना पाठ होतो. सत्ता खालचा मजकूर वाचते, निदान तेव्हा तरी वाचत होती.

समाजसुधारक आगरकरांचे उदाहरण याहून मजेदार आहे. या गावाने त्या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांच्या लिखाणात बायकांनी जाकिटे घालावीत असे सुचवणारेही लेखन आहे. त्या काळी यावर किती घरांत ताटे आपटली असतील याची कल्पना करावी. धर्म बुडणार, कुळे बुडणार! प्रत्यक्षात काय बुडाले? चोळीची जागा शिवलेल्या ब्लाउजने घेतली आणि ज्यांच्या आजोबांनी त्या प्रेतयात्रेला खांदा दिला असेल, त्यांच्या नातसुना लक्ष्मी रस्त्यावर मॅचिंग शोधत फिरल्या. इतका संपूर्ण परिणाम दुसऱ्या कोणत्या मराठी लेखाच्या वाट्याला आला असेल असे मला वाटत नाही. श्रेय मात्र शिंप्याला.

उलट, जगबुडीच्या मथळ्यांचे बघा. फेब्रुवारी 1962 मधली आठ ग्रह एकत्र येण्याची अष्टग्रही, जुलै 1979 मधली कोसळणारी अवकाशातली प्रयोगशाळा स्कायलॅब. लोकांनी यज्ञ केले, कोंबड्या कापल्या, उधाऱ्या थकवल्या. ग्रह आपल्या वाटेने गेले. स्कायलॅबचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडले आणि तिथल्या एस्परन्स गावच्या नगर परिषदेने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड लावला. पुणे महापालिकेने हा आदर्श घ्यावा.

आताचा आपला लाडका मथळा एकाच शब्दाभोवती फिरतो: लवकरच. मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2016 मध्ये झाली, पहिली गाडी मार्च 2022 मध्ये धावली. पायाभरणीच्या आधीची आणि मधली वर्षे आपण ‘लवकरच’वर काढली. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री काही सेकंदांत जमीनदोस्त होणार, असे मथळे होते. सुमारे 600 किलो स्फोटके लागली. धूळ खाली बसली तेव्हा पुलाचा काही भाग अजून उभा होता आणि तो यंत्रे लावून पाडावा लागला. मथळा छापणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही, कारण मथळा खरा ठरावा अशी अपेक्षा आपणच सोडून दिली आहे.

‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा मथळा येत्या पावसाळ्यात खड्डे बुजवण्याच्या बातमीवर एकही अक्षर न बदलता छापता येईल. शिक्षा कोणालाच होणार नाही. ना छापणाऱ्याला, ना डांबर टाकणाऱ्याला.