विश्वाचा पसारा आणि माणसाची किंमत

या अफाट विश्वात माणूस म्हणजे धुळीचा कण. मग त्याच्या मानापमानाचे काय घेऊन बसता, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या युक्तिवादाची एकदा तपासणी केली पाहिजे.

जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधल्याचे जाहीर केले. त्याला 'सरस्वती' हे नाव दिले. तो मीन तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षे आणि वस्तुमान सुमारे २ कोटी अब्ज सूर्यांइतके. नाव देवतेचे असले, तरी तो कुणाला साक्षात्काराने दिसलेला नाही. स्लोन सर्वेक्षणात नोंदलेल्या दीर्घिकांच्या अंतरांवरून, गणिताने तो सापडला. त्या सर्वेक्षणाचे आकडे सर्वांना खुले आहेत. तेथे जन्म विचारून कुणाला दारात अडवीत नाहीत.

आज आपल्याकडे पोचणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता; मग उच्चनीच कोठून असणार? आमच्या दोडामार्गात काय किंवा मुंबईत काय, मीन राशी पाहून मुलीचे नशीब सांगणारे आजही आहेत. त्या दिशेला दीर्घिका आहेत, आपल्या नशिबाची वही नाही.

आता मूळ प्रश्न. माणूस क्षुद्र असेल, तर सर्वच माणसे सारखी क्षुद्र. पाणवठ्यावरून हाकलणारा आणि हाकलला जाणारा, यांत विश्व भेद करीत नाही. मग विश्वाच्या आकाराचा उपदेश सोसणाऱ्यालाच का? मोठेपणाचा दावा ज्याने केला, त्याने तो आधी सोडावा.

शिवाय दुःख आकाराने मोजता येत नाही. सूर्य प्रचंड आहे, पण त्याला वेदना नाही. उपाशी मूल लहान आहे, पण त्याची भूक खरी आहे.

लोक अनंत आहे की सान्त, असे मालुंक्यपुत्ताने विचारले, तेव्हा भगवान बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कुणी मारला, धनुष्य कसले होते, हे कळेपर्यंत तो उपटू न देणारा माणूस मरून जाईल. याचा अर्थ आकाश पाहू नये, असा नव्हे. मुलांना तारे जरूर दाखवा, गणित शिकवा. मात्र आकाशाकडे बोट दाखवून कुणी बाण तसाच ठेवा म्हणाला, तर त्याचे ऐकू नका.