डोळ्यांचाही हक्क आहे



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: मुलाला नीटला बसवावे की जेईईला? मग अकरावी-बारावीची दोन वर्षे पहाटेचा क्लास आणि रात्रीची सराव परीक्षा यांत बांधली जातात. खेळ बंद होतो, नातलगांकडे जाणे सुटते आणि हळूहळू नमाजही ‘परीक्षेनंतर’वर ढकलली जाते.

महत्त्वाकांक्षा इस्लामला अमान्य नाही. अल्लाहची प्रसन्नता आणि मानवांची सेवा ही नियत असेल, तर अभ्यासही इबादत ठरतो. प्रश्न आहे तो मर्यादेचा.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) तरुण होते. दररोज रोजा आणि रात्रभर नमाज, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे वडील हजरत अम्र बिन आस (र.) यांनी सुनेकडे विचारपूस केली, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. त्यांनी ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी घातली. प्रेषितांनी (स.) त्या तरुणाला समजावले, की शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा आणि पाहुण्याचाही माणसावर हक्क असतो. जेथे इबादतीतील अतिरेकही मान्य झाला नाही, तेथे ७२० गुणांच्या एका परीक्षेसाठी मुलाची झोप आणि हसू हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ते वडील मुलगा फार करतो म्हणून काळजीत पडले. आपण मात्र तो कमी करतो, एवढीच तक्रार करतो.

विद्यार्थी मित्रांनो, हक्क म्हणजे मोकाटपणा नव्हे. मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहून फज्र गमावणे, हेही डोळ्यांचा हक्क बुडविणेच आहे. निर्मळ आनंदाला मनाई नाही, स्वतः प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची स्पर्धा केली होती. नमाजच्या वेळांनीच दिवसाची आखणी करा: इशानंतर लवकर झोप, फज्रनंतर ताज्या मनाने अभ्यास, असर ते मगरिब मोकळ्या हवेत खेळ.

वार्धक्यात शक्ती उणावली, तेव्हा हजरत अब्दुल्लाह (र.) म्हणत, की प्रेषितांनी (स.) दिलेली सवलत मी स्वीकारली असती तर बरे झाले असते. आपल्या मुलांवर अशी हळहळ करण्याची वेळ येऊ नये. प्रयत्न त्यांचा, निकाल अल्लाहच्या हाती. गुणपत्रिकेवर काहीही छापून येवो, घराचे दार त्यांना निर्भयपणे उघडता आले पाहिजे.

अल्लाह आपल्याला समतोल राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.