चित्र पुसण्याचा दोष

आषाढी एकादशीच्या पहाटेपासून पंढरीच्या विठोबाची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटागटांतून घरोघरी येऊ लागतात, आणि द्वादशीचे पारणे फिटेपर्यंत त्यांची इतकी दाटी होते की मोबाईलमधली जागा संपून त्यांतली काही काढून टाकणे भाग पडते. अशा वेळी एखादी गृहिणी गटातच विचारते, की देवाचा फोटो डिलीट केला तर दोष लागतो का? सुशिक्षित मंडळी हसतात. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही, कारण मूर्तिपूजेतला एक जुना पेच त्यात नकळत उभा राहिलेला आहे.

शास्त्राचा निवाडा अवघड नाही. पार्थिव मूर्तीत देवता आवाहनाने येते आणि विसर्जनाने जाते, हे भाद्रपदात गणपती आणणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. तेव्हा जिथे आवाहनच नाही तिथे विसर्जन कसले, असे कोणीही शास्त्री सांगेल. परंतु एवढ्याने त्या बाईंचे समाधान व्हावयाचे नाही, कारण त्यांच्या देवघरातल्या तसबिरीचीही प्राणप्रतिष्ठा कोणी केलेली नसते आणि तिच्यापुढे निरांजन तर रोज लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती पाहता पाहता भिंतीभिंतींवर विराजमान झाल्या. हे देव कागदाचे, म्हणून गौण, असे म्हणणाऱ्याने एवढे आठवावे की खुद्द पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांस उघडावे यासाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले होते; कागदाच्या देवाला मात्र असे कोणापुढे बंद होणारे दारच नव्हते.

या गटांतले इतर प्रश्न त्या मानाने सोपे. एकादशीस भगर चालते का, सुतकात देवापुढे दिवा लावावा का, स्मार्त आणि भागवत एकादशी निरनिराळ्या दिवशी आल्या तर कोणती धरावी? अशाच शंकांच्या निर्णयासाठी पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ रचला. पालटली आहे ती उत्तर देणाऱ्याची सनद. पूर्वी निर्णय ग्रामजोश्याकडून मिळे. आता नाशिकच्या मावशी आणि न्यू जर्सीतली भाची एकाच वेळी निकाल देतात, आणि हवाला एवढाच, की ‘आमच्याकडे चालते’. या बेसनदी कारभाराबद्दल शोक करणारे पुष्कळ आहेत. त्यांत मी नाही. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सारी मुळची अमेरिका खंडातली, प्राचीन स्मृतिकारांस नावानेही अपरिचित. ती उपवासाच्या ताटात आली ती ‘आमच्याकडे चालते’ याच आधारावर, आणि शिष्टांच्या आचाराला तर शास्त्रकारांनीच प्रमाणांत जागा दिलेली आहे.

तथापि आचार सांगेल तो ताटापुरता. चित्र पुसावे की नाही, याचा निकाल बहुमताने लागणे कठीण, कारण इथे वाद त्या एका व्यक्तीचा आणि त्या एका चित्राचा आहे. ज्याने ते न पाहताच पन्नास जणांस धाडून दिले त्याला पुसताना काही वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. त्याच्या हाती आला तो निव्वळ टपालाचा जिन्नस. पण जी बाई विटेवरच्या त्या सावळ्या रूपापुढे क्षणभर थांबली, आणि पुसताना जिचे बोट अडखळले, तिच्यापुरते आवाहन मंत्रावाचून होऊन गेले, असे मी समजतो. म्हणून शास्त्रीबुवांचा निर्दोषत्वाचा दाखला, तर्काने बिनचूक असूनही, तिच्या कामाचा नाही. देवता आली असेल तर तिला निरोप हा दिलाच पाहिजे. गटातल्या कोणा आजींनी ‘हात जोडून काढून टाक गं, तो रागावत नाही’ असे तिला लिहिले असेल, तर त्यांच्यापाशी कसलीही सनद नसताना तो निर्णय मी ‘धर्मसिंधू’च्या पंक्तीस बसवीन.