पडद्याआडचं मूल

ऑटिझमनं आपलं खरं मूल कोंडून ठेवलंय, ते कधीतरी बाहेर येईल, या आशेवर कितीतरी आईबाप वर्षं काढतात. १९९३ साली टोरांटोतल्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांनाच सुनावलं की पडद्याआड दुसरं कुणी नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या सिंक्लेअर यांचं म्हणणं असं, की ऑटिझम वजा केला तर उरेल तो कुणी वेगळाच माणूस. मनात धरलेलं मूल जन्मलंच नाही, त्याचं दुःख जरूर करा. समोरच्या जित्याजागत्या मुलावर ते लादू नका.

गुण काढून घेतले तर मागे गुणी उरतो का, हा तर आपल्या दर्शनांतला जुनाच वाद.

वेदान्ताचं उत्तर बहुतेक घरांत ठाऊक असतं. देह, मन, बुद्धी या उपाधी. आत्मा त्यांपासून अलिप्त. ‘आतून अगदी निर्मळ आहे हो पोर,’ असं एखादी मावशी म्हणते तेव्हा त्यात मायाच असते. पण त्या निर्मळ आत्म्यावर या पोराची म्हणून काहीच खूण नसते. शेजारच्या बंडूचा आत्माही तसाच. स्वीकार हवा असतो तो हात फडफडवणाऱ्या, फिरत्या पंख्यात रमणाऱ्या, रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायचा हट्ट धरणाऱ्या मुलाचा.

सिंक्लेअर यांना जवळचा वाटेल तो ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन. चाकं, आस, जू एकेक करून बाजूला केलं, तर रथ नावाचं निराळं काही सापडतं का, असं तो राजा मिलिंदाला विचारतो. मात्र हा भिक्खू सोयीस्कर मित्र नव्हे. ‘मी ऑटिस्टिक’ ही ओळखही तो तितक्याच थंडपणे सुटी करील. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचं वर्णन छापलं ते १९४३ मध्ये. त्याआधी स्वतःला या अर्थानं ऑटिस्टिक म्हणवणारं कुणी नव्हतं. तरी रथ हे नाव नागसेन टाकून देत नाही. व्यवहारात ते चालतं, आणि त्या नावानं माणसं एकत्र येऊ शकतात.

तशी ती आलीही. १९९६ पासून सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘ऑट्रीट’ ही निवासी शिबिरं भरवली. तिथले बिल्ले फार शहाणपणाचे होते: लाल म्हणजे बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, हिरवा म्हणजे बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्हीच करा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात एक गोष्ट आठ-आठ जणांच्या साखळीतून पुढे गेली, कानगोष्टींच्या खेळासारखी. निव्वळ ऑटिस्टिक साखळीनं ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचवली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे संवादाचा दोष एकाच बाजूच्या माथी मारता येत नाही.

एक आक्षेप मात्र खराच जड आहे. ज्यांचा मुलगा विशीतही बोलत नाही, डोकं भिंतीवर आपटून घेतो, त्या पालकांना ‘ओळख’ हा शब्द चैनीचा वाटतो. ‘आमच्या माघारी याचं कोण?’ हा त्यांचा प्रश्न नागसेनालाही सुटणारा नाही. पण डोकं आपटणं थांबवायला आणि बोलण्याऐवजी चित्रांचा तक्ता हाती द्यायला सिंक्लेअर यांच्या मांडणीची आडकाठी नाही. नजरेला नजर भिडवण्याचा सराव तासन्‌तास का करून घ्यायचा, याचं कारण मात्र ती मागते.