ठसा आणि साक्ष

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. साच्यातून निघालेल्या मातीच्या मूर्तीवर तेथे अनेकांचे हात फिरतात. सांधे बुजवले जातात, पाण्याने पृष्ठभाग नितळ केला जातो, आणि बोटांच्या खुणा पुसल्या गेल्याखेरीज मूर्ती रंगाला योग्य ठरत नाही. घडवणाऱ्याच्या बोटाची रेषा मूर्तीवर राहणे हा कारागिरीतला दोष. गुन्हेशोधनाच्या शास्त्रात मात्र हीच रेषा पुराव्याचे मूळ मानली जाते. या विरोधातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो : शरीराने नकळत मागे ठेवलेली खूण ही त्या माणसाची साक्ष मानता येईल काय?

प्रथम आपल्याच कागदपत्रांकडे वळू. मराठी दस्तऐवजांत लिहिता येणारा ‘दस्तुरखुद्द’ म्हणून स्वाक्षरी करी. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे नांगर येई, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या व्यवसायाचे हत्यार. ही निशाणी एका देहाला दुसऱ्या देहापासून वेगळे काढू शकत नव्हती, कारण नांगर प्रत्येक पाटलाचा सारखाच. ती सांगत असे ते निशाणी करणाऱ्याचे गावातील स्थान, त्याचा हक्क आणि त्याची जबाबदारी. निशाणीला अर्थ होता तो साक्षीला बसलेल्या गावामुळे. पुढे ‘निशाणी नांगर’ जाऊन ‘निशाणी अंगठा’ आला, तेव्हा साक्षीदार गाव अनावश्यक झाले. अंगठ्याला आपली खातरजमा करून देण्यास कोणाचीच गरज नव्हती. त्याच अंगठ्यावरून निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ हे हिणवणारे नावही मिळाले.

या स्थित्यंतराचा आरंभ गुन्ह्यापासून झालेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, हा हेतू. म्हणजे ठशाच्या मुळाशी अविश्वास होता, आणि तो विशिष्ट दिशेने वाहत होता. ठसा मागणारा राज्यकर्ता होता आणि देणारा प्रजाजन. 1892 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांच्या ग्रंथाने ठशांच्या अभ्यासाला शास्त्रीय रूप दिले, आणि 1897 मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. हजारो ठशांतून हवा तो शोधून काढण्यासाठी 1024 कप्प्यांची गणिती वर्गवारी लागली. ती सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. कृती कोणाची हे निर्विवाद ठरवण्यासाठी जन्मलेल्या शास्त्राच्या स्वतःच्याच कर्तृत्वाविषयी वाद असावा, हा विरोधाभास समीक्षेच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

ठशाची मर्यादा ओळखणारा एक निवाडा अगदी आरंभीच झाला होता. जलपाईगुडी भागात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घटनास्थळी सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा होता, आणि तो पूर्वी शिक्षा झालेल्या चरण नामक नोकराच्या नोंदीशी जुळला. 1898 मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी ठरवले, खुनासाठी नाही. बोट तेथे होते, एवढेच ठसा सांगतो. ते तेथे का होते, त्याने काय केले, हे सांगण्याची त्याला भाषा नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत, ठसा ही निर्देशक खूण आहे. धूर अग्नीकडे निर्देश करतो, पण आग कोणी आणि कशासाठी लावली हे तो सांगत नाही. उपस्थिती आणि कृती यांतील हे अंतर त्या न्यायालयाने राखले.

राज्यसत्तेने मात्र ते राखले नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली नव्या रूपात मुंबई इलाख्यासही लागू झाला. नोंदणी झालेल्या जमातीच्या कोणत्याही व्यक्तीचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला. येथे क्रम उलटा झाला. आधी गुन्हा आणि मग ठसा, याऐवजी आधी ठसा आणि मग गुन्ह्याची प्रतीक्षा. जे चिन्ह एका कृतीकडे निर्देश करणार होते ते आता जन्माकडे निर्देश करू लागले. 1952 साली हा कायदा रद्द झाला, तरी नोंदवहीतले नाव समाजाच्या स्मरणातून पुसले गेले नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 1987 च्या आत्मकथनाचे शीर्षक ‘उचल्या’ असे आहे. इतरांनी मारलेला शिक्का लेखकाने मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाशेजारी ठेवला. ज्याच्याविषयी लिहिले जात होते तो लिहिणारा झाला आणि शिक्क्याची स्वाक्षरी झाली. आपल्या प्रश्नाच्या संदर्भात ही कृती ठशाच्या नेमकी विरुद्ध बाजूस उभी राहते.

1961 मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढे हाच प्रश्न घटनेच्या भाषेत आला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. मग ठसा देणे ही साक्ष काय? बहुमताने उत्तर दिले : नाही. साक्ष म्हणजे स्वतःला असलेले ज्ञान सांगणे. ठसा काही सांगत नाही, तो केवळ तुलनेचे साधन आहे. हा तर्क सुसंगत आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागेल. ठसा जर साक्ष नसेल, तर त्यावरून माणसाच्या वृत्तीविषयी किंवा भविष्याविषयी अनुमान काढण्याचा हक्कही कोणास उरत नाही. 2022 च्या गुन्हेप्रक्रिया (ओळख) कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे, हस्ताक्षर आणि वर्तनविषयक लक्षणे यांनाही ‘मोजमाप’ म्हटले आणि त्यांच्या नोंदी 75 वर्षे जतन करण्याची तरतूद केली. एका कृतीच्या तपासासाठी घेतलेली खूण आयुष्यभर सांभाळली जाते, तेव्हा ती तुलनेचे साधन राहते की चरित्र बनते?

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. ठसा जात पाहत नाही, लाच घेत नाही, डोळ्यांदेखत पाहिल्याची खोटी शपथ वाहत नाही. किती तरी निरपराध त्यामुळे सुटले असतील. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ठसा स्वतः वाचला जात नाही. त्याला वाचक लागतो, आणि वाचक चुकतो. 2004 च्या माद्रिद बाँबस्फोटानंतर अमेरिकी तज्ज्ञांनी तेथे सापडलेला ठसा एका अमेरिकी वकिलाचा ठरवला. पुढे स्पॅनिश पोलिसांना तो भलत्याच इसमाचा आढळला. ठसा निरपवाद असेल, पण जुळणी हे वाचन आहे. म्हणून वाचनाची जी नीती आपण साहित्यकृतीला लागू करतो, तीच येथेही आवश्यक ठरते : खूण जेवढे सांगते त्यापेक्षा अधिक तिच्या तोंडी घालू नये.

संहितेमागचा लेखक ओळखला म्हणजे संहिता समजली असे आपण आता मानत नाही. बोट ओळखले म्हणजे माणूस समजला, असे मानण्याचा मोह मात्र कायम आहे. हमरापूरचा कारागीर बोटांच्या खुणा पुसतो म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. मूर्ती तडकली तर त्याला जाब विचारता येतो आणि तो उत्तरही देतो. जबाबदारी या शब्दातच जबाब आहे, आणि जबाब देणारा माणूस असतो. ठसा आपल्याला त्याच्या दारापर्यंत नेऊ शकतो. तेथून पुढे त्याला बोलू देणे आणि त्याचे ऐकून घेणे, हे कर्तव्य कोणत्याही नोंदवहीला पार पाडता येणार नाही.