बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मरण पावलेल्या साध्या मराठा शिपायाचा माग काढायचा तर सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे त्याचे पदक. त्यावरच्या राजाच्या मुखवट्यापेक्षा कड महत्त्वाची, कारण क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिच्यावर उमटवलेली असते. पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर पुढची वाट बरीच उजळते. या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढली, माघार घेऊन कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेली. त्यामुळे मृत्यूची तारीख मिळाली, की तो कसा गेला असावा याचाही अंदाज बांधता येतो. नोव्हेंबर १९१५ असेल तर बहुधा गोळी. १९१६ चा मार्च-एप्रिल असेल तर उपासमार आणि आजार यांचा संशय आधी घ्यावा. घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे नकार दिला होता. त्यानंतरची तारीख असेल तर कैद, वाळवंटातली पायपीट किंवा रास-अल-ऐनकडचे रेल्वेचे काम.

एक अडचण मात्र हमखास येते. १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११० वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. पदक एक आकडा सांगते आणि नंतरचे कागद दुसरा, म्हणून दोन वेगळी माणसे समजण्याची चूक सहज होते. त्यात आडनावाशिवाय नोंदलेले गणपत आणि सखाराम. बापाचे नाव, गाव आणि तालुका जुळल्याखेरीज ओळख पक्की धरू नये.

ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. ते ४० हजारांहून अधिक मृतांचे आहे. त्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावे आहेत, हिंदी सुभेदार-जमादारांचीही आहेत. हिंदी हवालदार, नाईक आणि शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या संख्येने मोजलेले. नावे ठाऊक नव्हती, ही सबब इथे चालत नाही. पगार आणि वारसाची पेन्शन निनावी माणसाला देता येत नाही. सरकारच्या हिशेबात प्रत्येकाचे नाव होतेच. शिवाय फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे एकेक करून कोरली आहेत. म्हणजे त्याच सैन्यातला शिपाई युरोपात मेला तर नावाने उरला, इराकमध्ये मेला तर आकड्यात गेला. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. त्यामागच्या वंशवादी समजुतींचा उल्लेखही त्यात आहे.

शिपायाच्या मुलखातही फारसे वेगळे घडले नाही. युद्धानंतर सरकारने अनेक गावांत शिलालेख बसवले, साताऱ्याजवळच्या आपशिंग्यातही स्मारक झाले. शिलालेखांचा मजकूर ठरावीक असे : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. तेव्हा मृताचे नाव शोधणाऱ्याला शिलालेखावरून घराघरातल्या पदकांकडे आणि पेन्शनीच्या कागदांकडेच वळावे लागते.